खुलाशाने भागत नाही

एखादे मंत्री पत्रकारांसमोर नको ते बोलून जातात आणि दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयात धावपळ सुरू होते. तिचा क्रम आता वाचकांनाही पाठ झाला आहे. मुलाखतीची चित्रफीत मागवली जाते, नेमके शब्द काय होते ते उतरवून घेतले जाते, मग विधानाचा विपर्यास झाल्याचा खुलासा निघतो. प्रवक्ते जुनेच धोरण नव्याने वाचून दाखवतात आणि तिकडे परदेशात आपल्या राजदूताला बोलावणे येते. परराष्ट्र व्यवहारांवर लिहिण्याच्या कामात ही निवेदने वर्षानुवर्षे वाचावी लागतात. काय म्हटले आहे यापेक्षा काय गाळले आहे ते हुडकावे लागते. त्या वाचनातून माझे एक मत बनले आहे. बिघडलेले संबंध सावरण्याच्या कामात खुलाशाचा वाटा फार थोडा असतो. समोरचा देश मंत्र्यांचे वाक्य ऐकतो, पण शोधत असतो ते वेगळेच: या वाक्यामागे सरकार उभे आहे की नाही? त्याचे उत्तर त्याला खुलाशात मिळत नाही. पंतप्रधान कोणाला काय लिहितात, कोणती बैठक ठरल्या दिवशी होते, कोणती लांबणीवर पडते, कोण कोणाच्या राजधानीत उतरते, यांतून तो ते काढतो. म्हणून नुकसान भरून निघायचेच असेल तर तिथेच निघते, आणि त्याला कधी कधी वर्षे लागतात.

याचा सर्वांत सविस्तर दाखला जॉर्ज फर्नांडिस यांच्या १९९८ सालच्या विधानाचा आहे. मराठी वाचकांना फर्नांडिस नव्याने सांगायला नकोत. मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेला, १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडणारा हा नेता मार्च १९९८मध्ये वाजपेयी सरकारात संरक्षणमंत्री झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांनी सांगून टाकले की भारतापुढचा पहिल्या क्रमांकाचा संभाव्य धोका चीन हा आहे. तिबेटात ठेवलेली अण्वस्त्रे, तिथले लांबवलेले विमानतळ, म्यानमारच्या कोको बेटांवरची टेहळणी, अशी कारणेही त्यांनी दिली. त्याच्या महिनाभर आधी पाकिस्तानने घौरी क्षेपणास्त्राची चाचणी केली, तेव्हा त्या क्षेपणास्त्राची जननी चीन आहे असेही ते बोलले होते. आणि ही मुलाखत आली ती चिनी सैन्याचे प्रमुख भारतभेट आटोपून परतल्याला आठवडा-दोन आठवडेही झाले नसताना. बीजिंगने तीव्र नापसंती कळवली. दिल्लीहून ठरलेले उत्तर गेले: चीनशी संवादातून संबंध सुधारण्याचे धोरण कायम आहे. आपण 'शत्रू' हा शब्द वापरलाच नव्हता, असे फर्नांडिस पुढे अनेकदा सांगत राहिले. ते खरेही होते. त्याचा उपयोग मात्र कोणालाच झाला नाही. आजही लोकांच्या आठवणीत ते विधान 'शत्रू क्रमांक एक' असेच राहिले आहे. बीजिंगच्या दृष्टीने तर त्या शब्दाला फारसे महत्त्व नव्हतेच. फर्नांडिस तिबेटच्या बाजूने जाहीरपणे उभे राहणारे, म्यानमारमधून परागंदा झालेल्या विद्यार्थ्यांना आपल्या सरकारी बंगल्यात आसरा देणारे. अशा माणसाची जीभ घसरली, यावर चिनी अधिकाऱ्यांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षाच भाबडी होती. प्रश्न होता तो फक्त वाजपेयींचा: पंतप्रधानांनाही असेच वाटते का?

याचे उत्तर आठ-दहा दिवसांत मिळाले. ११ मे रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. दुसऱ्या दिवशी चीनची पहिली प्रतिक्रिया आली ती गंभीर चिंता व्यक्त करणारी, पण मोजूनमापून केलेली. १३ मे रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये वाजपेयींनी अध्यक्ष क्लिंटन यांना पाठवलेले पत्र छापून आले. त्यात चीनचे नाव नव्हते, पण सीमेवरचे उघड अण्वस्त्रधारी राष्ट्र आणि १९६२ साली भारतावर आक्रमण करणारा देश अशी ओळख दिली होती, त्यामुळे नाव लिहायचे बाकी उरलेच नव्हते. १४ मे रोजी चीनने दुसरे निवेदन काढले. त्यात तीव्र निषेध होता आणि भारत चीनवर अण्वस्त्रधोक्याचा निराधार आरोप करीत असल्याचा संताप होता. १२ आणि १४ मेच्या या दोन निवेदनांमध्ये जे अंतर आहे, ते माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. १३ मेला आणखी दोन लहान चाचण्या झाल्या होत्या हे खरे, पण दोन दिवसांत भारताच्या अण्वस्त्रक्षमतेबद्दल बीजिंगला काही फार नवे कळले असे नाही. नवे कळले ते हे, की संरक्षणमंत्र्यांचे वाक्य आता पंतप्रधानांच्या सहीने कागदावर आले आहे. मुलाखतीवर केलेला खुलासा त्या दिवशी आपोआप रद्द झाला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मग खरे नुकसान पत्राने केले, मुलाखतीने नव्हे. फर्नांडिस यांना उगीच कशाला धारेवर धरायचे? हा आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. पत्र फुटले नसते तर मुलाखतीवरून उठलेले वादळ बहुधा महिन्याभरात शमले असते. पण म्हणूनच सावरासावरीचे काम मुलाखतीपुरते नसते. ज्या दिवशी मंत्र्यांचे विधान छापून आले, त्या दिवसापासून सरकारच्या प्रत्येक कागदाचा अर्थ त्या विधानाच्या उजेडात लावला जाणार, हे पंतप्रधान कार्यालयाला दिसायला हवे होते. अमेरिकेला समजवायचे म्हणून चीनचा हवाला द्यायचा, आणि चीनला समजवायचे म्हणून मंत्र्यांचे मत वैयक्तिक ठरवायचे, ही दोन कामे एकाच आठवड्यात होत नाहीत. वॉशिंग्टनला पाठवलेले पत्र गुप्त राहील हा हिशेबही चुकला. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. ६ जूनला सुरक्षा परिषदेने ११७२ क्रमांकाचा ठराव एकमताने केला. २७ जूनला बीजिंगमध्ये क्लिंटन आणि ज्यांग झेमिन यांनी दक्षिण आशियावर संयुक्त निवेदन काढले. ज्या अमेरिकेला चीनचा धोका समजावून सांगायचा होता, तीच चीनसोबत बसून भारताला अण्वस्त्रांवरून समज देत होती. दिल्लीने ते निवेदन फेटाळले, त्याहून जास्त काही करता येण्यासारखे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे: असल्या मंत्र्याला घरी पाठवावे, विषय संपतो. याला युरोपातले एक प्रकरण चोख उत्तर देते. जुलै १९९०मध्ये ब्रिटनचे व्यापारमंत्री निकोलस रिडली यांनी स्पेक्टेटर साप्ताहिकाला मुलाखत दिली आणि युरोपची चलनयोजना म्हणजे सगळा युरोप ताब्यात घेण्याचा जर्मनांचा डाव आहे, अशा अर्थाचे बोलून गेले. जर्मनीचे एकीकरण तोंडावर आलेले, त्यामुळे बॉनमध्ये आणि लंडनमध्येही गदारोळ झाला. १४ जुलैला रिडली यांनी राजीनामा दिला. वरवर पाहता प्रकरण दोन दिवसांत मिटले. पण दुसऱ्याच दिवशी एका ब्रिटिश रविवारच्या वृत्तपत्रात पंतप्रधान थॅचर यांच्या चेकर्स येथील बैठकीचे टिपण फुटले. त्या मार्चमधल्या बैठकीत इतिहासतज्ज्ञांना बोलावून जर्मन स्वभावाची चर्चा झाली होती आणि टिपणात आक्रमकपणा, दादागिरी, न्यूनगंड अशा गुणावगुणांची यादीच होती. मंत्री गेले, मत राहिले, आणि ते कोणाच्या घरातले आहे हे जगाला कळले. राजीनामा म्हणजे सरकारने स्वतःला विधानापासून वेगळे केल्याची खूण असते. ती खूण पटायला सरकार खरोखर वेगळे असावे लागते. १९९८च्या दिल्लीत तर तो मार्ग मुळातच बंद होता. फर्नांडिस यांच्यासारख्या समता पक्षाच्या नेत्याला दुखवून ते आघाडी सरकार टिकवणे अवघड होते. पुढच्या एप्रिलमध्ये ते एका मताने पडलेच. परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत हे घरगुती गणित आपण सोडून देतो. परदेशी वकिलाती ते सोडत नाहीत.

मग ही गाठ सुटली कशी? चीनने त्या काळात एक म्हण वारंवार ऐकवली: ज्याने घंटा बांधली, त्यानेच ती सोडवावी. अर्थ उघड होता. बिघाड तुम्ही केलात, दुरुस्तीही तुम्हीच करा. सीमाप्रश्नावरच्या संयुक्त कार्यगटाची बैठक ऑगस्ट १९९७नंतर थांबली होती, ती थेट एप्रिल १९९९मध्ये बीजिंगला झाली. दोन बैठकांमधले अंतर वीस महिन्यांवर गेले, ते त्या विधानाचे आणि पत्राचे बिलच होते म्हणा ना. जून १९९९मध्ये कारगिलची लढाई चालू असताना परराष्ट्रमंत्री जसवंतसिंग बीजिंगला गेले आणि तिथे दोन्ही बाजूंनी मान्य केले की संबंध पुढे न्यायचे तर दोन्ही देश एकमेकांना धोका मानत नाहीत हा त्याचा पाया हवा. हे वाक्य फर्नांडिस यांच्या वाक्याच्या नेमके विरुद्ध आहे. ते खुलासा म्हणून काढलेले नाही. मंत्र्यांना चूक ठरवलेले नाही, 'विपर्यास' हा शब्द नाही, मुलाखतीचा उल्लेखही नाही. जुन्या वाक्याशी भांडत न बसता त्याच्या जागी दोघांनी मिळून नवे वाक्य ठेवले, आणि त्यासोबत सुरक्षा संवादाची नवी यंत्रणा उभी केली. तिची पहिली फेरी मार्च २०००मध्ये बीजिंगला झाली. या कामातले कसब मला इथे दिसते. कारगिलच्या वेळी चीनने पाकिस्तानची बाजू उचलून धरली नाही याचे सगळे श्रेय या भेटीला देता येणार नाही. त्याची कारणे वेगळीही होती. पण तेरा महिन्यांपूर्वी पहिल्या क्रमांकाचा धोका म्हटलेल्या देशाच्या राजधानीत युद्ध चालू असताना भारताचे परराष्ट्रमंत्री बसले होते, हे दृश्य इस्लामाबादने नक्कीच पाहिले.

पुढची दुरुस्ती माणसे निवडून केली गेली. मे २०००च्या अखेरीस राष्ट्रपती के. आर. नारायणन चीनला गेले. मध्ये बरीच वर्षे खंडित झालेले राजदूतपद १९७६मध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा बीजिंगला गेलेले राजदूत तेच होते, त्यामुळे यजमानांना त्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही. जानेवारी २००१मध्ये चिनी संसदेचे अध्यक्ष ली पंग दिल्लीत आले, जानेवारी २००२मध्ये पंतप्रधान झू रोंगजी. आणि एप्रिल २००३मध्ये खुद्द फर्नांडिस चीनच्या दौऱ्यावर गेले. सार्सची साथ भरात होती, परदेशी पाहुणे दौरे रद्द करीत होते, तरी हे गेले आणि पंतप्रधान वन ज्याबाओ यांना भेटले. भारताचे संरक्षणमंत्री म्हणून याआधी शरद पवार जुलै १९९२मध्ये चीनला गेले होते, ती तर अशी पहिलीच भेट होती. मधली अकरा वर्षे त्या पदावरचे कोणी गेले नव्हते. बीजिंगची म्हण अक्षरशः खरी करणारा हा दौरा होता. दोन महिन्यांनी वाजपेयी चीनला गेले, सर्वंकष सहकार्याच्या तत्त्वांचा जाहीरनामा झाला, सीमाप्रश्नासाठी विशेष प्रतिनिधी नेमले गेले आणि नाथू ला मार्गे व्यापार सुरू करण्याचे ठरले. मुलाखतीपासून इथवर पाच वर्षे लागली. या पाच वर्षांत फर्नांडिस यांनी आपले मूल्यमापन मागे घेतल्याचे कुठे दिसत नाही, आणि त्यावाचून काही अडलेही नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. फर्नांडिस बरोबर होते, असे अनेकजण म्हणतात. १५ जून २०२०च्या रात्री गलवानमध्ये २० भारतीय सैनिक धारातीर्थी पडले, त्यानंतर तर हे मत आणखी बळकट झाले. मग खरे बोलणाऱ्याच्या बोलण्यावर पडदा टाकण्यात सरकारची पाच वर्षे का जावीत? माझे उत्तर असे की संरक्षणमंत्र्यांनी धोका ओळखणे आणि त्यांनी तो मुलाखतीत जाहीर करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल त्यांचे कौतुकच करावे. पण धोका ओळखला असेल तर त्याचे उत्तर सीमेवर दिसायला हवे होते. चीनच्या सीमेलगतचे ६१ रस्ते सीमा रस्ते संघटनेने २०१२पर्यंत पुरे करायचे होते. मार्च २०१६पर्यंत त्यांपैकी २२च पुरे झाले, असे महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले. चीनला धोका म्हणणारी मुलाखत आणि हे रस्ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. ज्या गोष्टीने चीनची गणिते बदलली असती ती गोष्ट रेंगाळली, आणि ज्या गोष्टीने आपल्याच हालचाली अवघडल्या ती एका संध्याकाळी होऊन गेली. तयारी नसताना केलेली घोषणा समोरच्याला सावध करते, आपल्याला सज्ज करत नाही. सत्य बोलण्याचा हक्क मंत्र्यांना नाकारावा असे यात कुठेही नाही; ते बोलायची जागा, वेळ आणि मंत्रिमंडळाशी झालेले आधीचे बोलणे, एवढेच मागणे आहे.

हे मागणे मंत्र्यांकडेच का? राज्यघटनेच्या ७५व्या कलमानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. त्यामुळे मंत्र्यांचे मत वैयक्तिक असल्याचा बचाव परदेशात तर सोडाच, घरातही धड टिकत नाही. २०२२मध्ये सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्याच्या वाहिनीवरील विधानावरून आखाती देशांनी भारतीय राजदूतांना बोलावले, तेव्हा ते सरकारचे मत नाही असे दोहातल्या आपल्या वकिलातीला म्हणता आले, कारण बोलणारी व्यक्ती सरकारात नव्हती. मंत्र्यांच्या बाबतीत ही पळवाट नसते. शिवाय नुकसान प्रत्येक वेळी समोरचा देश दुखावल्यानेच होते असेही नाही. मे २०१०मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीजिंगमध्ये भारतीय पत्रकारांशी बोलताना चिनी कंपन्यांबाबत आपले गृहखाते अतिसंशयी असल्याची टीका केली. यजमान दुखावण्याचा प्रश्नच नव्हता. दुखावले ते गृहमंत्री चिदंबरम, आणि दुसऱ्या खात्याच्या कारभारावर बोलू नये असे पंतप्रधान मनमोहनसिंग यांना सांगावे लागले. भारतीय मंत्रिमंडळात चिनी गुंतवणुकीवरून फट आहे ही माहिती मात्र यजमानांना फुकटात मिळाली. असली माहिती कोणत्याही खुलाशाने परत मागता येत नाही.

खुलाशाचा उपयोग शून्य आहे असे म्हणणे मात्र अतिरेकाचे होईल. तो वेळ मिळवून देतो. दुसऱ्या मंत्र्यांनी तोंड उघडण्याआधी सरकारची एक ओळ ठरवून देतो. राजदूताला बोलावणे आले की त्याच्या हातात काहीतरी कागद हवा, तो देतो. यासाठी खुलासा दोन-तीन ओळींचा असावा आणि त्यात मंत्र्यांची वकिली नसावी. लांब खुलासा निघाला की पत्रकारांना दुसऱ्या दिवशीची बातमी मिळते. एवढे झाले की त्याचे काम संपले.

अलीकडचे मालदीवचे प्रकरण या मताची कसोटी म्हणून पाहता येते, कारण तिथे खुलासा जितका लवकर आणि कडक असावा तितका होता. जानेवारी २०२४मध्ये तिथल्या तीन उपमंत्र्यांनी पंतप्रधान मोदींच्या लक्षद्वीप भेटीवरून समाजमाध्यमांवर अवमानकारक मजकूर टाकला. ७ जानेवारीला मालदीव सरकारने ही मते वैयक्तिक असल्याचे निवेदन काढले आणि तिघांना निलंबितही केले. पुस्तकाबरहुकूम. पण अध्यक्ष मुइझ्झू भारतीय सैनिकांना बाहेर काढण्याच्या घोषणेवर निवडून आले होते, त्याच आठवड्यात ते चीनच्या दौऱ्यावर होते आणि परत आल्यावर आम्हाला दमदाटी करण्याचा परवाना कोणाला दिलेला नाही असे बोलले. उपमंत्र्यांच्या मजकुरात उद्धटपणा होता, अध्यक्षांच्या बोलण्यात संयम होता, दिशा एकच होती. भारतीय प्रवाशांनी निवेदन वाचले नाही, दिशा वाचली. २०२३मध्ये मालदीवला गेलेले भारतीय पर्यटक २ लाख ९ हजारांहून अधिक होते, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. २०२४मध्ये ते १ लाख ३० हजारांच्या आसपास आले. मग दुरुस्ती सुरू झाली ती नेहमीच्या वाटेने. मेमध्ये परराष्ट्रमंत्री मूसा झमीर दिल्लीत आले, जूनमध्ये मुइझ्झू मोदींच्या शपथविधीला हजर राहिले, जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांच्या पर्यटनमंत्र्यांनी दिल्ली, मुंबई आणि बंगळुरूला येऊन पर्यटकांना साद घातली. सप्टेंबरमध्ये निलंबितांपैकी दोघींनी राजीनामे दिले. ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू दिल्लीला आले तेव्हा ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार झाला. जुलै २०२५मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून नरेंद्र मोदी मालेला गेले. मते वैयक्तिक असल्याच्या त्या निवेदनाला तोवर दीड वर्ष होऊन गेले होते.